टर्बो लावल्यावर हेड गॅस्केट परत परत उडतंय? दुसरा ब्लॉक शोधायच्या आधी हे क्रमाने बघा

साध्या पेट्रोल गाडीला नंतर टर्बो लावलाय, नाहीतर कंपनीच्याच टर्बो गाडीचा बूस्ट (टर्बो इंजिनात हवा कोंबतो तो जादा दाब) वाढवलाय, आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, काही टिकत नाही. एकदा बदललं, दुसऱ्यांदा बदललं, तिसऱ्या वेळी मिस्त्री म्हणतो ब्लॉक गेलाय, नवीन बघा. अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. माझी भांडुपला इंजिन बांधायची छोटी शेड आहे आणि हा एकच फॉल्ट मी इतक्या वेळा उघडून बघितलाय की मालक गाडीतून उतरताना काय सांगणार ते आता मला आधीच कळतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. गॅस्केट म्हणजे इंजिनचा फ्यूज समजा. घरात फ्यूज उडाला तर आपण आधी बघतो की लोड कुठे वाढला, लगेच भिंत फोडून वायरिंग बदलायला घेत नाही. इथे मात्र लोक गॅस्केट दोनदा उडालं की थेट कुर्ल्याला सीएसटी रोडवर हाफ-कट (जुन्या गाडीचा इंजिनसकट कापलेला अर्धा भाग) शोधायला जातात, लाखभर घालून दुसरा ब्लॉक आणतात, त्यावर तोच टर्बो, तीच मॅपिंग (इंजिनच्या कॉम्प्युटरमधली पेट्रोल आणि स्पार्कची सेटिंग), तोच लेथवाला, आणि तिसरं गॅस्केट उडतं. ब्लॉक निवडणं महत्त्वाचं आहेच, शेवटी त्यावर लिहिलंय, पण तो शेवटचा प्रश्न आहे.

लक्षणं, आणि त्यातली फसवी कुठली

पहिली गोष्ट, गाडी तापते कधी ते नीट बघा, कारण अर्धं उत्तर इथेच मिळतं. वेस्टर्न एक्सप्रेसवर अंधेरी ते बोरिवली एसी लावून रांगत गेलात, काटा वर चढला आणि रस्ता मोकळा झाल्यावर खाली आला, तर ते फॅनचं नाहीतर रेडिएटरचं दुखणं आहे, गॅस्केटचं नाही. याच्या उलट ट्रॅफिकमध्ये काटा एकदम ठीक, पण खंडाळ्याच्या चढावर बूस्ट दिला की चढतो, पाय काढला की उतरतो, आणि वर जाऊन थांबल्यावर डब्यातून कूलंट बाहेर आलेलं दिसतं, तर हेड उचललं जातंय. बूस्टमध्ये सिलिंडरच्या आतला दाब बोल्टांच्या पकडीला भारी पडतो, हेड केसभर वर होतं, जळालेला गॅस कूलंटच्या वाटेत शिरतो आणि पाणी डब्यात ढकलतो, पाय काढल्यावर हेड परत बसतं आणि आयडलला सगळं ठणठणीत. म्हणून गॅरेजमध्ये उभ्या गाडीत मिस्त्रीला काहीच सापडत नाही आणि तो तुम्हाला वेड्यात काढतो.

बाकीची लक्षणं अशी. बाहेर कुठेही गळती नाही तरी दर आठवड्याला कूलंट कमी. रात्रभर उभ्या गाडीचा वरचा रेडिएटर होज सकाळी दाबून बघितला तर कडक, खरं तर थंड इंजिनचा होज मऊ लागला पाहिजे. सकाळी स्टार्ट केल्यावर पहिले दहा-वीस सेकंद एक सिलिंडर मिसिंग मारतो आणि मागून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो. उत्तरेत थंडीत हा धूर चांगल्या गाडीलाही दिसतो, पण मुंबईत तेवढी थंडी पडतच नाही, त्यामुळे इथे जाडसर पांढरा धूर दिसला तर तो मी कधीच सोडून देत नाही.

आता फसवं लक्षण. ऑइल फिलरच्या झाकणाखाली पिवळट मलई दिसली की लोक घाबरतात. पावसाळ्यात रोज चार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत इंजिन पूर्ण तापतच नाही, आतली वाफ झाकणाखाली जमते आणि तशीच मलई करते. डिपस्टिक काढा. तिच्यावरचं ऑइल स्वच्छ असेल तर एकदा तासभर सलग गाडी चालवून या आणि परत बघा. डिपस्टिकवरच दुधाळ ऑइल असेल तर मात्र गाडी स्टार्टसुद्धा करू नका, त्या ऑइलवर बेअरिंगा टिकत नाहीत आणि टर्बोचा शाफ्ट तर त्यांच्या आधी जातो.

आधी फुकटातलं आणि काही शे रुपयांतलं

रेडिएटर कॅप. गाडी पूर्ण थंड असतानाच उघडा, गरम असताना चुकूनही नाही. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा बारचा आकडा असतो. दाब असला की पाणी उशिरा उकळतं, साधारण १ बार जादा दाबावर १२० अंशांच्या आसपास. कॅपचं रबर कडक झालं, स्प्रिंग सैल झाली, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बाजूला, जिथे हेड सगळ्यात जास्त तापतं, तिथे आतल्या आत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ उष्णता ओढून नेत नाही, तो भाग बेसुमार तापायला लागतो, त्यातून नॉकिंग (हवा-पेट्रोल नीट जळण्याऐवजी आपोआप स्फोटासारखं पेटणं) आणि नॉकिंगमधून गॅस्केट. म्हणजे स्वस्तातली कॅप नुसती लक्षणं दाखवत नाही, ती कारणही असू शकते. मी तर बिल्ड झालेल्या प्रत्येक गाडीला नवी कॅप टाकतो, वाद नको.

कूलंट आणि हवा. टर्बोला पाण्याच्या लाइन दिल्यात ना, मग त्या बऱ्याचदा इंजिनच्या सगळ्यात वरच्या ठिकाणी असतात आणि हवा तिथेच अडकते. सोसायटीच्या पोडियमचा रॅम्प असेल तर गाडीचं तोंड वर करून लावा, हीटर फुल गरमवर ठेवा (मुंबईत हीटर कोणी लावत नाही म्हणून त्याच्या कोअरमध्ये वर्षानुवर्षं हवा बसलेली असते), कॅप उघडी ठेवून गाडी थंडपासून चालू करा आणि फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत हळूहळू भरत राहा. हीटरची हवा मध्येच गरम मध्येच थंड येत असेल तर आत हवा आहे. दहा वेळा काढूनही हवा परत येत असेल तर ती ज्वलनाचा गॅस आहे, पुढच्या तपासांकडे या. आणि बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका, त्यातले क्षार पाण्याच्या जॅकेटमध्ये थर धरतात. तयार कूलंट घ्या नाहीतर कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर. गळती थांबवायची पावडर टाकणाऱ्यांना हात जोडून सांगतो, टाकू नका, ती गॅस्केटपेक्षा आधी टर्बोच्या बारीक लाइन आणि हीटरचा कोअर बुजवते.

फॅन आणि हवेची वाट यावर थोडक्यात: पुढे इंटरकूलर, मागे एसीचा कंडेन्सर, त्यामागे रेडिएटर, असं सँडविच झालेलं असतं, आणि टर्बो बसवताना जागा नाही म्हणून फॅनचा प्लास्टिक श्राउड काढून टाकलेला असतो. श्राउड परत लावा, इंटरकूलरच्या बाजूने हवा निसटू नये म्हणून पत्रा किंवा फोम लावा. याने बऱ्याच ट्रॅफिकवाल्या तक्रारी संपतात.

वेस्टगेटची नळी. वेस्टगेट म्हणजे टर्बोकडे जाणारा जादा एक्झॉस्ट बाजूला सोडून बूस्ट आवरणारी झडप. हा तपास पाच मिनिटांचा आहे आणि माझ्याकडे आलेल्या गाड्यांत खरा दोषी इथे इतक्या वेळा सापडलाय की मी बॉनेट उघडलं की पहिला हात तिथेच घालतो. वेस्टगेटच्या ॲक्च्युएटरला बूस्टचा दाब सांगणारी एक बारीक रबरी नळी असते. ती मॅनिफोल्डजवळच्या उष्णतेने तडकते किंवा टोकाला सैल होते. नळी फुटली की ॲक्च्युएटरला दाब कळतच नाही, वेस्टगेट बंद राहतो आणि ०.५ बारवर थांबायचा बूस्ट एका बारच्या वर जातो. मालकाला वाटतं आज गाडी भारी पळतेय. विक्रोळीच्या एका मुलाची दोन गॅस्केटं या एका नळीने घेतली, तिसऱ्यांदा ब्लॉक बदलायचा म्हणून तो गाडी टो करून घेऊन आला होता आणि शेवटी हेड फेसिंग करून (म्हणजे त्याचा खालचा फेस मशीनवर सपाट करून), गॅस्केट टाकून, चांगल्या सिलिकॉनची वीतभर नळी क्लिपसकट लावली आणि गाडी आजही चालू आहे. बूस्ट गेज नसेल तर आधी गेज लावा. किती बूस्ट जातोय ते माहीत नसताना पुढचं काहीही ठरवता येत नाही.

पेट्रोल, इंधनाचा दाब आणि प्लग

ट्यूनिंगच्या दिवशी टाकीत कुठलं पेट्रोल होतं ते आठवा. १०० ऑक्टेनवर मॅप केलं आणि नंतर महिनाभर साधं भरलं, ही चूक मी सतत बघतो. १०० वर जेवढं स्पार्कचं टायमिंग पुढे घेता येतं तेवढं साध्यावर घेतलं तर नॉकिंग होणारच. रोज जे भरणार आहात त्यावरच मॅप करून घ्या.

दुसरं, इथेनॉल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो ही चांगली गोष्ट, पण हवेचं प्रमाण बदलतं. शुद्ध पेट्रोलला एक भाग इंधनाला १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५, म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त द्यावं लागतं. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) हे सांभाळून घेतो, पण फुल थ्रॉटलला जुन्या गाड्यांचे ईसीयू आणि त्यांना बाहेरून जोडलेले पिगीबॅक बॉक्स ठरलेल्या टेबलावर चालतात. काही वर्षांपूर्वी मॅप केलेली गाडी आज तेच टेबल वापरत असेल तर ती बूस्टमध्ये लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर, चालतेय. ट्यूनरला लॅम्ब्डामध्ये (प्रत्यक्ष हवा आणि लागणारी हवा यांचं गुणोत्तर, १ म्हणजे बरोबर, कमी म्हणजे पेट्रोल जास्त) बोलायला सांगा, बूस्टमध्ये ०.७८ ते ०.८५ च्या दरम्यान, कारण लॅम्ब्डाचा आकडा पेट्रोल बदललं तरी तोच अर्थ सांगतो.

इंधनाचा दाब गेज लावून बघा. रेग्युलेटरला मॅनिफोल्डची नळी दिली असेल तर जितका बूस्ट तितकाच दाब वाढला पाहिजे, बेस ३ बार असेल तर ०.६ बूस्टला ३.६. तिथे तो ३ वरच राहिला तर रेग्युलेटर किंवा त्याची नळी बघा, खाली घसरला तर पंप कमी पडतोय, नाहीतर फिल्टर चोक आहे. इंजेक्टरच्या तोंडाशी बूस्ट उलटा ढकलत असतो, म्हणून दाब वाढला नाही तर पेट्रोल कमीच पडतं, आणि नेमकं जेव्हा जास्त हवं तेव्हाच.

मग चारही प्लग काढा आणि ज्या सिलिंडरचा त्या क्रमाने कागदावर मांडून ठेवा. एक प्लग बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट जातंय. पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरीपुडीसारखे काळे किंवा चमकणारे बारीक ठिपके असतील तर ते नॉकिंग आहे, चमकणारे म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम उडालेलं. पोर्सेलिन तुटलं असेल तर गाडी चालवणं तिथेच बंद. बूस्टवर प्लगची गॅप ०.६ ते ०.७ मिमी ठेवतात, हीट रेंज एक पायरी थंड. टर्बो लावल्यावरही जुने १.१ मिमी गॅपचे प्लग ठेवलेले असतील तर बूस्टमध्ये मिसिंग येईल आणि तुम्ही उगाच गॅस्केटवर संशय घ्याल.

आता गॅस्केट खरंच गेलंय का ते पक्कं करा

रेडिएटरच्या तोंडावर लावायची काचेची नळी मिळते, तिच्यात निळं पाणी असतं. ज्वलनाचा गॅस कूलंटमध्ये असेल तर ते पिवळं पडतं. आयडलला नाही पडलं तरी निर्दोष समजू नका, बूस्ट देऊन आल्यावर लगेच करा, अर्थात कॅप उघडण्याएवढं थंड झाल्यावरच. रात्री कूलिंग सिस्टिमला हातपंपाने १ बार दाब देऊन ठेवायचा आणि सकाळी प्लग काढून भोकातून टॉर्च मारायचा, पिस्टनवर कूलंटचं थारोळं असेल तर शंका संपली.

कॉम्प्रेशन टेस्ट गरम इंजिनवर, चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण दाबून, बॅटरी फुल असताना. आकडा किती यापेक्षा चारही एकमेकांच्या जवळ आहेत का ते बघा, दहा टक्क्यांच्या आत. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर त्या दोघांमधली गॅस्केटची पट्टी जळालीय. एकच कमी असेल तर लगेच गॅस्केट म्हणू नका, मालकाला विचारा की गाडी पाण्यातून गेली होती का. मिलन सबवे नाहीतर अंधेरी सबवेत पाणी भरलेलं असताना खालून हवा खेचणाऱ्या फिल्टरने पाणी ओढलं, इंजिन ढोक करून थांबलं, सुकवून परत चालू झालं, आणि एक रॉड किंचित वाकला. वाकलेल्या रॉडचा पिस्टन वर पूर्ण येत नाही म्हणून कॉम्प्रेशन कमी दिसतं. नवीन गॅस्केट याला काही करणार नाही.

त्यानंतर लीक-डाउन. सिलिंडरमध्ये १०० पीएसआय हवा भरा आणि कुठून सुटते ते कानाने ऐका. इनटेकमधून आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या भोकातून तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला तडा. दहा टक्क्यांपर्यंत सुटणं चांगलं, वीसच्या वर गेलं तर हेड उघडावंच लागणार.

हेड उतरवल्यावर गॅस्केट फेकू नका

इथून पुढे घरी करायचं काम नाही, स्वतः करणारे असाल तरी मायक्रोमीटर आणि खात्रीचा टॉर्क पाना असल्याशिवाय नाही. हेड थंडच उतरवायचं, बोल्ट बाहेरून आत या क्रमाने सैल करायचे, बसवताना मधून बाहेर.

जुनं गॅस्केट पुरावा आहे. दोन सिलिंडरांमधली पट्टी जळली असेल तर उष्णता किंवा नॉकिंग. फायर रिंगच्या (सिलिंडरच्या तोंडाभोवतीच्या गॅस्केटच्या कडेच्या) बाहेर पाण्याच्या भोकाकडे काळी रेघ गेली असेल तर हेड उचललं गेलंय, म्हणजे पकड कमी पडली. पिस्टनच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारखं दिसत असेल तर नॉकिंगच, आणि मॅप सुधारल्याशिवाय काहीही बसवू नका.

पकडीचं गणित एकदा समजून घ्या. ७५ मिमी बोअरचं क्षेत्रफळ साधारण ४४ चौरस सेंटिमीटर. आतला दाब ९० बार धरला तर हेडला वर ढकलणारा जोर जवळपास ४ टन, आणि तो एका सिलिंडरवर, चार-पाच बोल्टांच्या मध्ये. नॉकिंग झालं की दाब क्षणभर याच्याही वर उसळी मारतो. म्हणून ०.५ बारवर नीट मॅप केलेली गाडी जुन्या बोल्टांवरही टिकते आणि ०.५ बारवरच नॉक करणारी महागड्या स्टडवरही (बोल्टऐवजी लावायचे, वर नट आवळायचे आट्यांचे दांडे) टिकत नाही.

फ्लॅटनेस बघायला स्ट्रेट-एज आणि फिलर गेज, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांत. ०.०५ मिमीचं पातं खाली गेलं तर फेसिंग लागणार. हेड सगळे तपासतात, ब्लॉकचा वरचा फेस कोणी तपासत नाही, आणि परत परत उडणाऱ्या गाड्यांत बऱ्याचदा तोच खचलेला सापडतो, खासकरून बोल्टच्या भोकांभोवती उचललेला. दुसरी गोष्ट म्हणजे फिनिश. जुन्या पद्धतीच्या फेसिंगच्या रेघा नखाला लागतात, त्या जुन्या कंपोझिट गॅस्केटला चालायच्या. टर्बोवर जे स्टीलच्या थरांचं एमएलएस गॅस्केट वापरतो त्याला काचेसारखा फेस लागतो, नख फिरवल्यावर काही लागता कामा नये. माझ्या एका जुन्या कामात हेड उत्तम फेसिंग करून आलं असं मी डोळ्यांनी बघून मानलं, नख फिरवलं नाही, आणि तीन आठवड्यांत गाडी परत दारात. तेव्हापासून फेस हातात आल्यावर मी उजेडात तिरका धरतो, नख फिरवतो आणि पटलं नाही तर परत पाठवतो, लेथवाला कितीही चिडला तरी.

बोल्ट. कोन मोजून ताणायचे जे बोल्ट असतात ते एकदाच वापरायचे, दुसऱ्यांदा ते पकड धरत नाहीत. बूस्ट वाढवायचा असेल तर एआरपी कंपनीसारखे स्टड घ्या, ते ब्लॉकमध्ये हाताने बसवायचे, वर नटाला त्यांचंच वंगण लावायचं आणि त्या वंगणाला सांगितलेलाच टॉर्क द्यायचा, इंजिन ऑइल लावून तोच आकडा दिला तर पकड कमी येते. बंद तळाच्या भोकात ऑइल किंवा कूलंट राहिलं आणि वरून बोल्ट पिळला तर आतलं द्रव दबत नाही, ब्लॉक फुटतो. हवा मारून भोकं कोरडी करा, चेझरने आटे साफ करा, टॅपने नाही, टॅप लोखंड खातो.

आणि कॉम्प्रेशन उतरवायला दोन गॅस्केटं एकावर एक किंवा मध्ये जाड पत्रा, हा जुना जुगाड कृपा करून बंद करा. पिस्टन वर आल्यावर हेडशी जी साधारण १ मिमीची फट राहते ती हवा-पेट्रोल दाबून मध्ये फेकते, त्यानेच ज्वलन लवकर संपतं आणि नॉकिंग टळतं. फट दुप्पट केली तर कॉम्प्रेशन कमी करूनही नॉकिंग राहतं, वर गळायला आणखी दोन जागा तयार होतात. कॉम्प्रेशन पिस्टनने उतरवा.

एवढं सगळं बरोबर निघालं, तरच ब्लॉक

कास्ट आयर्न ब्लॉक जड असतो पण हलत नाही. मित्सुबिशीचा ४जी६३, टोयोटाचा २जेझेड, ऑक्टाविया आरएसमधला ईए८८८, हे सगळे आयर्न, आणि बूस्टसाठी त्यांचं नाव उगाच झालेलं नाही. त्यावर हेड मात्र ॲल्युमिनियमचं असतं आणि ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणजे प्रत्येक वेळी गरम-थंड होताना हेड गॅस्केटवर घासतं. फेस गुळगुळीत हवा तो यासाठीच.

ॲल्युमिनियम ब्लॉकमध्ये बघायचं ते डेक, म्हणजे ब्लॉकचा वरचा फेस. वरून बघितलं आणि सिलिंडरभोवती पाण्याची मोकळी खंदक दिसली तर ओपन डेक. होंडाच्या जुन्या डी सिरीजचा तसा, फोक्सवॅगनच्या १.० टीएसआयचा ईए२११ पण तसा. रोजच्या वापराला उत्तम, हलका, लवकर तापतो. पण सिलिंडरची वरची कड मोकळी असते, जास्त बूस्टला ती सूतभरही नाही पण पुरेशी हलते आणि फायर रिंग घासून जाते. स्टड कितीही भारी लावा, कड हलणारच. इथे उपाय म्हणजे जाड फ्लँजचे स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसवायच्या नळ्या) बसवणं किंवा मुळात क्लोज्ड डेकचा, म्हणजे वरून खंदक बंद असलेला ब्लॉक निवडणं. खंदकात वरून ठोकून बसवायच्या ब्लॉक गार्डच्या (सिलिंडरना आधार देणाऱ्या पट्टीच्या) मी विरोधात आहे, तो नेमका जिथे पाणी हवं तिथेच वाट अडवतो आणि ठोकताना बोअर वाकडी होते.

रस्त्यावर चालवायची गाडी आहे, ०.५-०.६ बारपर्यंत, तर बहुतेकांना मूळ ब्लॉक, एमएलएस गॅस्केट, नवे बोल्ट किंवा स्टड आणि प्रामाणिक मॅप एवढंच पुरतं. त्याच्या वर जायचं ठरवलं की पैसे आधी पिस्टन आणि रॉडमध्ये घाला. ४०३२ मिश्रधातूच्या फोर्ज्ड पिस्टनमध्ये सिलिकॉन जास्त असतं, तो कमी फुगतो, क्लिअरन्स कमी ठेवता येतो, रोजच्या गाडीला मला तोच आवडतो. २६१८ मार जास्त सोसतो पण थंड असताना खडखडतो. कॉम्प्रेशन रेशो ९ च्या आसपास. रिंगची गॅप बोअरच्या प्रत्येक मिलिमीटरला ०.००४५ ते ०.००५, म्हणजे ७५ मिमीला ०.३४ ते ०.३८ मिमी. कमी ठेवली तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची कड तुटते. होनिंग (बोअर घासून नेमका करणं) टॉर्क प्लेट, म्हणजे हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट, लावूनच, कारण हेड आवळल्यावर बोअरचा गोल बदलतो. आयर्न ब्लॉक आहे म्हणून २ मिमी बोअर वाढवू नका, भिंत पातळ झाली की आयर्नचा फायदाच गेला, ०.५ मिमी बस. लवकर बूस्ट करणारा छोटा टर्बो असेल तर रॉडचा विचार आधी करा, २५०० आरपीएमला एकदम येणारा टॉर्कच रॉड वाकवतो.

हाफ-कट घेताना बोअरच्या भिंतीची जाडी अल्ट्रासॉनिकने मोजून घ्या, डेकवर आधीच किती फेसिंग झालंय ते विचारा, मेन कॅप (क्रँकशाफ्ट खालून धरणाऱ्या) त्याच ब्लॉकच्या आहेत का ते नंबर जुळवून बघा. आणि कागद. ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो, आरसीवरचा नंबर आणि गाडीतला नंबर जुळला पाहिजे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली फेरफाराचे नियम आहेत. आरटीओत आधी विचारा, ब्लॉक नंतर घ्या, विमा कंपनीलाही कळवा.

कुठे थांबायचं

डिपस्टिकवर दुधाळ ऑइल, प्लगचं पोर्सेलिन तुटलेलं, इंजिनमधून खालून ठोके, किंवा काटा लालमध्ये जाऊन आलेला, यातलं एकही असेल तर चालवत गॅरेजला जाऊ नका, टो करा. नॉकिंग पकडणं आणि मॅप बदलणं डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर पळवून मोजायचं मशीन) ट्यूनरचं काम आहे, रात्री सी-लिंकवर फोनमध्ये लॉग घेऊन करायचं नाही, तिथे दुसरे लोक पण असतात. हेडला किंवा ब्लॉकला तडा आहे का याचं प्रेशर टेस्टिंग, डेक फेसिंग, बोअरिंग, स्लीव्ह, लाइन बोअर हे सगळं चांगल्या मशीन शॉपमध्येच. तिथे विचारा, एमएलएससाठी फिनिश मोजून देता का आणि टॉर्क प्लेट आहे का. हो म्हणाले नाहीत तर दुसरं शॉप बघा.

बांधून झाल्यावर पहिले ५०० किलोमीटर बूस्ट नाही. मग ०.१ बारने वाढवा, प्रत्येक वेळी लॉग बघा. कूलंटच्या डब्यावर थंड इंजिनला मार्करने रेघ मारून ठेवा, दर रविवारी सकाळी स्टार्ट करायच्या आधी रेघ बघा आणि वरचा होज दाबा. होज कडक लागला किंवा पाणी रेघेखाली गेलं तर त्याच दिवशी बूस्ट बंद, आणि परत कॅपपासून सुरू करा.